भिंत फोडल्याचा गुन्हा

ती घटना विसरता आली असती तर बरं झालं असतं. पण ती आजही जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की मान खाली जाते. गडचिरोली जिल्ह्यात नोकरी केली म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढून बसतात. त्यांना जंगल, गोळीबार, गस्त असलं काहीतरी ऐकायचं असतं. माझ्या नोकरीत तेही होतं, नाही असं नाही. पण कोणी मनापासून विचारलं, की साहेब, तुमच्या सगळ्यात लक्षात राहिलेली केस कोणती, तर मी सांगतो, एका मातीच्या भिंतीची. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. माझाही पडतो, पण त्याचं कारण वेगळं आहे.

मी मूळचा घाटावरचा. इकडे 'घाटावरचे साहेब' असं म्हणताना लोक जरा हसतात. त्याचा अर्थ असा की आवाज मोठा, घाई फार आणि इथल्या पाण्याची समज शून्य. माझ्या बाबतीत तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आलापल्लीच्या खाली, नदीच्या अंगाला असलेल्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. ठाणं उंचावर, इमारत सिमेंटची. पूर आला की आम्ही पाणी बघायला व्हरांड्यात उभे राहायचो. पूर हा आमच्यासाठी बंदोबस्ताचा विषय होता. रस्ता बंद, बस बंद, बोट मागवा, शाळेत लोक हलवा, वरच्या कार्यालयाला दर दोन तासांनी आकडे कळवा. पाणी उतरलं की पंचनाम्यांचा पूर यायचा, आणि तलाठी व आमचे अंमलदार महिनाभर त्यात बुडून जायचे.

अशाच एका पुरानंतर आठवड्याभरात माझ्या मोबाइलवर फोन आला. आवाज पुरुषाचा, दबका.

"साहेब, एक सांगाचं होतं. माझं नाव नोका घेऊ."

"बोल."

"आमच्या गावच्या एका बाईनं सोताच्या हातानं सोताच्या घरची भिंत फोडली. इम्याच्या पैशासाठी. साऱ्या गल्लीनं पाह्यलं. बचत गटाची अध्यक्ष हाय ते. मोठी शायनी समजते सोताले."

खबर देणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं, हे मी नव्या पोरांना नेहमी शिकवत आलो. आधी खबऱ्याला काय हवंय ते बघा, मग खबर बघा. त्या दिवशी मीच ते बघितलं नाही. मागाहून कळलं, की या माणसाच्या बायकोला गटाचं अध्यक्षपद हवं होतं.

त्याच दिवशी दुपारी विम्याचा सर्वेअर ठाण्यात आला. सर्वेअर म्हणजे नुकसान बघून कंपनीला अहवाल देणारा माणूस. हा शहरातून आलेला, बुटांना चिखल लागलेला आणि त्यामुळे वैतागलेला. त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. मातीची भिंत, तळाशी हातभर रुंदीचं भोक. समोरच्या भिंतीला तसंच दुसरं. कडेला सब्बलीचे, म्हणजे लोखंडी पहारीचे घाव अगदी स्पष्ट.

"हे पाण्याने झालेलं नाही साहेब," तो म्हणाला. "आतून फोडलंय. पुराने पडलेली भिंत असेल तर भरपाई. हाताने पाडलेली असेल तर कसली भरपाई? तुमचा काही रिपोर्ट असेल तर माझं काम सोपं होईल."

दोन वेगवेगळ्या माणसांनी एकाच दिवशी एकच गोष्ट सांगितली. पोलिसाला यापेक्षा जास्त काय लागतं? मी जीप काढली.

घर गावाच्या टोकाला, नाल्याकडच्या गल्लीत होतं. पूर नदीचा असला तरी गावात पाणी येतं ते या नाल्यातून, उलटं. नदी फुगली की नाल्याचं पाणी पुढे जात नाही, मागे सरकतं आणि गल्लीत चढतं. घराची पुढची खोली विटांची, मागचा भाग जुना, जाड मातीच्या भिंतींचा, वर कवेलू, म्हणजे कौलं. मागची भिंत एका कोपऱ्यात खचली होती, जमीन उखडली होती, दाराची चौकट फुगली होती. धानाची पोती काळी पडून अंगणात पसरलेली होती. शिलाई मशीन गंजून उभी होती. आणि ती दोन भोकं. मी पंच बोलावले, पंचनामा केला, मोजमापं घेतली. सब्बल जप्त करून तिला लेबल लावलं. जाताना बाईला बजावलं, की तपास पुरा होईपर्यंत या भिंतीला हात लावायचा नाही, तो पुरावा आहे.

तिचं वय पन्नाशीच्या पुढचं, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठीच. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन गेलेली. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. इकडे मोठ्या बाईला बाई म्हणतात, मीही तेच म्हणतो. तेव्हा मात्र मी तिला अगं-तुगं करत होतो.

दुसऱ्या दिवशी तिला ठाण्यात बोलावलं. समोर रायटर जबाब लिहायला, बाजूला आमची महिला शिपाई.

"भिंत कोणी फोडली?"

"मीनंच फोडली जी."

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल, रडेल, पाण्यावर ढकलेल. तासभर तरी लागेल अशी माझी तयारी होती. पहिल्याच प्रश्नाला ती कबूल झाली. तीस वर्षांत अशी सोपी कबुली मला मिळाली नव्हती. अशा वेळी अनुभवी माणसाने सावध व्हायला हवं. मी खूश झालो.

"कशाने फोडली?"

"सब्बलीनं. तुमी नेली ना, तेच."

"पाणी घरात आलं होतं तेव्हा?"

"नाई जी. नाल्यात चढून राह्यलं होतं. घरात याचं होतं."

म्हणजे पाणी यायच्या आधीच! मी रायटरकडे बघितलं. त्याने मान हलवली आणि ते वाक्य नीट लिहून घेतलं.

"विमा काढलास म्हणूनच फोडलीस ना?"

"इमा नसता तरी फोडलीच असती."

"मला शिकवतेस? कोण फोडतं गं स्वतःचं घर?"

"फोडाच लागते साहेब. पाणी..."

"पाण्याचं मला सांगू नकोस. विचारलं तेवढंच बोल."

मग ती विचारलं तेवढंच बोलली. मी तिचं ते वाक्य मध्येच तोडलं नसतं, तर ही आठवण लिहायची वेळ आली नसती. 'का' हा प्रश्न पोलिसाच्या कामात पहिला असतो. मी तो सोडून बाकी सगळे विचारले, कारण त्याचं उत्तर मला आधीच माहीत आहे अशी माझी खात्री होती.

फसवणुकीच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. अटकेची गरज नव्हती, नोटीस दिली. शेजाऱ्यांचे जबाब घेतले. प्रत्येकाला एकच प्रश्न, की बाईने भिंत फोडली हे तुम्ही पाहिलं का? प्रत्येकाचं एकच उत्तर, हो. कोणी जास्त बोललं नाही आणि मी बोलूही दिलं नाही. गुन्ह्याची प्रत सर्वेअरकडे गेली आणि तिचा दावा थांबला.

पुढचा दीड महिना मी तिला चार वेळा ठाण्यात बोलावलं. सकाळच्या बसने यायची, बाकावर बसायची. कधी मी साहेबांच्या दौऱ्यात असायचो, कधी रायटर रजेवर. संध्याकाळच्या बसने परत जायची. तिकडे गटातल्या बायकांनी नवी अध्यक्ष निवडली. चोट्टीच्या हाती गट कसा ठेवायचा, असं बोलणं झालं म्हणे. घराच्या दोन भोकांना तिने प्लास्टिक बांधलं होतं. थंडी सुरू झाली तरी माती लावली नाही, कारण मी हात लावू नको म्हणालो होतो. हे सगळं मला त्या वेळी माहीत होतं का? होतं. कागदावर नसलं तरी कानावर येत होतं. मी म्हणायचो, केलंय तर भोगेल.

दोषारोपपत्र तयार झालं. आमच्या महिला शिपाईचं अक्षर चांगलं, मराठीही चांगली, म्हणून शुद्धलेखन बघायला मी ते तिच्याकडे दिलं. ही पोरगी याच जिल्ह्यातली, वर नदीकाठच्या एका गावची. तिने दोन पानं वाचली आणि कागद खाली ठेवले.

"काय झालं?"

"साहेब, हे बरोबर असन तं माझ्या आईलेबी आनावं लागन."

"म्हणजे?"

"माझी आई बी फोडते. मोठं पाणी आलं का आमच्या गावात सारेच फोडतात. दोन बाजूनं भोकं पाडाची. एकातून पाणी येते, दुसऱ्यातून जाते. भिंत राह्यते."

मी विचारलं, दीड महिना तू गप्प का होतीस? ती जरा घाबरली, पण बोलली. "तुमी गुन्हा दाखल करून मोकळे झाले होते साहेब. मंग मी काऊन बोलू? बाई सांगून राह्यली होती तं तुमी तिले चूप केलं. मी तं शिपाई."

मी तिलाच घेऊन त्या गावात गेलो, आणि या वेळी प्रश्न तिला विचारायला सांगितले. मी फक्त बाजूला उभा राहिलो. नोकरीत असं उभं राहायची सवय नव्हती, जड गेलं.

गल्लीतल्या एका म्हाताऱ्याने आम्हाला त्याच्या घरामागे नेलं. भिंतीच्या तळाशी एक ठिगळ होतं, बाकी भिंतीपेक्षा जरा गडद, ताज्या मातीचं. समोरच्या भिंतीलाही तसंच. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. गल्लीत मातीच्या भिंतींची नऊ घरं उभी होती. आठांच्या भिंती फोडून पुन्हा लिंपलेल्या होत्या, फक्त बाईची मी लिंपू दिली नव्हती. काही ठिगळांखाली जुनी ठिगळं दिसत होती, घरमालकांच्या बापजाद्यांच्या काळची. दोन वर्षं मी या गल्लीतून येत-जात होतो.

म्हातारा म्हणाला, "आमचे उंबरे उंच रायतेत साहेब. दारातून पाणी लवकर शिरत नाई. मंग भाईर कमरेएवढं पाणी अन् अंदर कोरडं. तो सारा भार भिंतीवर येते. अंदरूनबी पाणी असलं का भिंत खडी रायते. पाणी एका दिसात उतरते, मंग माती लावून टाकाची."

"हे तुम्ही जबाबात का नाही सांगितलं, भाऊ?" मी न राहवून विचारलं.

"तुमी इचारलं नाई. अन् तुमी तिच्यावर केस केली ना. आमी बी भोकं पाडले होते. आमच्यावर झाली असती तं? सरकारी मदतीचा पंचनामाबी गेला असता."

नाल्याच्या अगदी कडेला एक दहावं घर होतं. त्याचा मालक पुराच्या दिवशी नागभीडला मुलाकडे होता, घर बंद होतं. भोक पाडायला कोणी नव्हतं. तिथे आता फक्त मातीचा ढीग आणि त्यात रुतलेलं कवेलू होतं. बाईचं घर नाल्याच्या बाजूला त्याला लागूनच, आणि ते उभं होतं. एक कोपरा खचला होता, पण उभं होतं. हा फरक पंचनाम्याच्या दिवशीही माझ्या डोळ्यांसमोर होता. मी दोन्ही घरांचे फोटो काढले होते.

त्या दुपारी मी आणखी एक काम केलं, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. बाईकडून विम्याचे कागद मागून घेतले आणि वाचले. ज्या कागदाशी फसवणूक केल्याचा आरोप मी लावला होता, तो कागद मी पाहिलाच नव्हता! बारीक इंग्रजी अक्षरं, पानामागून पानं. अर्धा दिवस गेला. त्यात पूर होता, पाणी साचणं होतं. मातीच्या भिंतीचं घरही होतं, कारण एजंटाने अर्जात तसं नीट लिहिलं होतं. आणि अटींमध्ये एक अट अशी होती, की संकट आल्यावर विमाधारकाने नुकसान कमी व्हावं म्हणून जमेल ती वाजवी खटपट केली पाहिजे. केली नाही तर दावा अडू शकतो.

तिने तीच खटपट केली होती. बाप-आज्यापासून चालत आलेली होती, आणि नेमकी कागदात लिहिलेलीच होती.

मी सर्वेअरला फोन केला. तो म्हणाला, "ती अट मला पाठ आहे साहेब. पण ही पद्धत मला माहीत नव्हती, आणि तुमचा गुन्हा दाखल झाल्यावर मी वेगळं काय लिहिणार?" मी त्याच्या अहवालावर विसंबलो होतो आणि तो माझ्या. दोघांच्या मध्ये त्या बाईने बसने चार हेलपाटे घातले होते.

ओघात चार कामाच्या गोष्टी सांगून टाकतो, कारण या प्रकरणाने मला विम्याचा कागद वाचायला लावला. घराचा विमा असेल तर आधी बघा, की पूर त्यात आहे का, तुमच्या भिंती ज्या मातीच्या किंवा विटांच्या आहेत तशाच लिहिल्यात का, आणि आतल्या सामानाचा विमा वेगळा घ्यावा लागतो का. बऱ्याच लोकांना वाटतं घर म्हटलं की कपाट-मशीनही आलं, तसं नसतं. पाणी चढायच्या आधी घराचे आणि सामानाचे मोबाइलवर फोटो काढून ते दुसऱ्या गावच्या माणसाला पाठवून ठेवा. पाणी उतरल्यावर लगेच कंपनीला कळवा, आणि सर्वेअर येईपर्यंत मोडतोड दिसू द्या, पण सामान वाचवायचं थांबवू नका. आणि घर वाचवण्यासाठी जे केलं, ते का केलं हे स्वतःहून सांगा, ऐकणारा ऐकेपर्यंत सांगा. ही शेवटची गोष्ट सांगायचा मला अधिकार नाही, तरी सांगतो.

न्यायालयात 'क समरी' पाठवली. गैरसमजातून गुन्हा दाखल झाला असेल तर तपास बंद करण्यासाठी ती पाठवतात. वरिष्ठांनी दोन प्रश्न विचारले, मी गोलमाल उत्तरं दिली. समरी मंजूर झाली, तिचा दावा बऱ्यापैकी मिळाला. भिंती लिंपल्या गेल्या. सब्बल परत न्यायला ती ठाण्यात आली तेव्हा मी मुद्देमाल पावतीवर तिची सही घेतली. म्हणालो, "झालं बाई, सुटलात." जणू मीच तिला कोणा दुसऱ्याच्या तावडीतून सोडवलं होतं. माफी मागितली नाही. ठाण्यात अंमलदार होते, खुर्चीत साहेब होता. उलट त्या वर्षी दोन-तीन ठिकाणी मी ही गोष्ट स्वतःच्या कौतुकासारखी सांगितली, की बघा, चूक कळली तर आम्ही गुन्हा मागेही घेतो. लोकांनी माना डोलावल्या.

गोष्ट इथे संपली असती तर मला लाज थोडी वाटली असती आणि पुढे गेलीही असती.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या मध्यावर वरच्या धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला. मी तालुक्याच्या ठिकाणी आपत्ती बैठकीला गेलो. मोबाइल सायलेंटवर. बैठक लांबली. परत येताना पाहिलं, ठाण्यातून दोन मिस कॉल होते. तीन वाजता ठाण्यात शिरलो तर बाकावर बाई बसलेली. ओलं लुगडं, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद. मला बघून ती उठून उभी राहिली.

"काय बाई, इकडे कुठे?"

तिने कागद पुढे केला. ठाणे अंमलदाराने त्यावर आवकचा शिक्का मारला होता, क्रमांक घातला होता, वेळ लिहिली होती, सकाळी साडेदहा. खाली तिच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं: 'अर्ज करते की नाल्याला पाणी चढत आहे. तरी माझ्या घराच्या दोन भिंतीला पाणी जाण्यासाठी भोक पाडण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.'

मी ते दोनदा वाचलं. ठाणे अंमलदार म्हणाला, "साहेब, परवानगीचा अधिकार तुमचा, म्हणून बसवलं. फोन केला होता." त्याची काय चूक?

"अहो, परवानगी कसली?" मी म्हणालो. "तुमचं घर, तुमची भिंत. जा, लगेच जा, पाडा."

"आता कुठी जाऊ जी? रस्ता बंद झाला दुपारीच."

"मग सकाळी कशाला आलात इकडे? घरीच फोडायची होती!"

माझा आवाज चढला होता. अजूनही मी तिच्यावरच ओरडत होतो. तिने शांतपणे सांगितलं.

"मांगच्या वर्षी बिनविचारता फोडली तं केस झाली. या वर्षी विचारूनच फोडू म्हनलं. गल्लीतल्याइनंबी सांगतलं, तू जाऊन साहेबाचा कागद आन, मंग आमी पाडतो. सारे सब्बल घेऊन बसले हायेत. मी त्याइले फोन केला, पन टावर गेला वाट्टे."

मी तिथून दहा फोन लावले. लाइन नव्हती. बोट तालुक्याला होती, ती पोचायला दुसरी सकाळ झाली. माणसं शेवटी शाळेत गेली होती, जीव सगळ्यांचे वाचले. घरं नाही. नऊपैकी सहा पूर्ण आडवी, तीन अर्धी. बाईचं पूर्ण. आठ घरांच्या माणसांनी सब्बल हातात धरून माझ्या कागदाची वाट बघितली होती, पाणी कमरेला लागेपर्यंत. म्हातारा शाळेच्या ओट्यावर बसला होता. मला बघून त्याने नमस्कार केला.

बाईचा विमा चालू होता, तिला भरपाई मिळाली. नुकसान कमी करण्यासाठी काय केलं, या रकान्यापुढे तिने शिक्क्याच्या अर्जाची प्रत जोडली होती. बाकी आठ घरांना विमा नव्हता, सरकारी मदत मिळाली तेवढी मिळाली.

पंधरा दिवसांनी ती त्या अर्जाचं काय झालं ते विचारायला आली. आवक झालेल्या कागदावर शेरा मारावाच लागतो. मी लिहिलं, 'घरमालकास स्वतःच्या भिंतीत भोक पाडण्यास पोलिसांच्या परवानगीची आवश्यकता नाही.' सही केली. मग खुर्चीतून उठलो आणि अंमलदारांच्या देखत म्हणालो, "बाई, माझं चुकलं. मागच्या वर्षीच म्हणायला पाहिजे होतं. मला माफ करा."

ती गोंधळली. साहेब उभा राहून बोलतोय, याचंच तिला अवघडल्यासारखं झालं असावं.

"ते जाऊ द्या जी," ती म्हणाली. "या कागदाच्या झेराक्स भेटतील का? नऊ पायजे. पुढच्या पान्याले घरोघरी ठेवाच्या हायेत. अन् साऱ्याइवर शिक्का मारून द्या. बिनशिक्क्याचा कागद तुमचे लोक मानत नाईत."

झेरॉक्स काढायला मी कोणाला पाठवलं नाही, स्वतः गेलो. परत येऊन टेबलावर नऊ कागद मांडले आणि एकेकावर ठाण्याचा गोल शिक्का मारला. तिने प्रत्येक शिक्का उजेडात धरून पाहिला, की नीट उमटलाय ना. एक फिका वाटला, तर तिने तो परत माझ्यापुढे ठेवला. मी पुन्हा मारला. त्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या कोणाला न विचारता आपली घरं वाचवली होती. आता त्यांना त्यासाठी माझा शिक्का लागत होता.